बखर सुमिरेबाईंच्या मुजऱ्याची

श्री. प्रथम नमन मैदानाच्या पांढऱ्या रेघांस, ज्यांच्या आत पडले ते खरे आणि बाहेर पडले ते गेले, ऐसा निवाडा होतो. दुसरे नमन उंच खुर्चीवरील पंचांस. तिसरे नमन वाचणारांस, की त्यांनी लिहिणाराची साधी बोली गोड मानून घ्यावी. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पक्षी, उगवतीकडील बेटांच्या राज्यात, राजधानीच्या मोठ्या क्रीडागृही वर्षाची थोरली झुंज चालली असता वर्तमान आले की सुमिरेबाई कुराहाशी यांनी देह ठेविला. त्या समयी चारी मैदानांवर सामने ऐन रंगात होते. पंचांनी हात वर केले आणि फुले थांबली. ज्यास शटल म्हणतात त्यास आमच्या दख्खनेत फूल म्हणतात, तोच शब्द येथे चालविला आहे. मग खेळणारे होते तेथेच मस्तक लववून उभे राहिले, आणि ज्यांनी बाईंकडून मार खाल्ला होता त्यांचे डोळे आधी भरले. परंतु प्रेक्षकांत कुजबूज उठली, ती अशी की, बाई थोर खेळल्या खऱ्या, पण शेवटच्या सामन्यातून मुजरा न करता गेल्या.

त्या राज्याची चाल ऐसी की रेघेच्या आत पाऊल ठेवण्यापूर्वी मैदानास कमरेत वाकून मुजरा करावा आणि खेळ संपवून निघताना मागे वळून पुन्हा मुजरा करावा. जिंकला असो, हरला असो, लंगडत असो, ही चाल कोणी मोडीत नाही. म्हणून कोणी म्हणाले की दुखण्याने भान नव्हते, कोणी म्हणाले की हातचा डाव गेला म्हणून मैदानावर रुसल्या, आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही छापिले. मग त्या राज्यातील या खेळाचा कारभार पाहणारा जो दरबार, त्याचे मुख्य कारभारी मुरोझोनोसाहेब यांनी मनसुबा केला की, वसंतात बाईंच्या नावे दरबार भरवावा, त्यांची रॅकेट मैदानी ठेवावी आणि राहिलेला मुजरा त्यांच्या वतीने दुसऱ्याने करून डाग धुऊन टाकावा. आणि त्यास संमती सेवकास विचारिली, कारण हा लिहिणारा सेवक बाईंचा नवरा. पेशाने फरासखान्याचा माणूस, म्हणजे सामन्याआधी हिरवे रबरी जाजम अंथरावे आणि सामन्यानंतर गुंडाळावे ही चाकरी. लिहिण्याचा सराव नाही. परंतु होय म्हणावे की नाही म्हणावे हे सांगण्यास सारे आरंभापासून सांगणे प्राप्त जाहले.

बाईंचा जन्म उत्तरेकडील बर्फाच्या मुलखी, समुद्रकाठच्या एका गावी. वडील रस्त्यावरील बर्फ बाजूस सारण्याचे यंत्र चालवीत आणि आई शाळेच्या भटारखान्यात भात रांधीत. तेथे थंडी ऐसी की फुलांची पिसे वाळून काचेसारखी होत आणि दोन तडाख्यांत मोडत, म्हणून आई भात शिजत असता फुलांची नळी वाफेवर धरीत आणि पिसे मऊ करून लेकीस देत. मग गावात बोलणे जाहले की कुराहाशीच्या पोरीच्या फुलांस भाताचा वास येतो, आणि जे तिच्याशी हरत ते म्हणत, भूक लागली म्हणून हरलो. शाळेत ओनोदेरा मास्तर म्हणून गुरू होते, बोलणे थोडे आणि नजर करडी. त्यांनी पहिला सारा हिवाळा पोरीच्या हाती रॅकेट दिली नाही, ओले फडके दिले आणि फरशी पुसावयास लाविली. पोर फणफणली आणि विचारती जाहली की मी खेळावयास आले की मोलकरीण व्हावयास. तेव्हां मास्तर म्हणाले, "पोरी, हे मैदान तुझे नव्हे. आत येताना विचारायचे, बाहेर जाताना सांगायचे. मधले तेवढे तुझे." तो मुजऱ्याचा पहिला धडा, आणि तो बाईंनी ऐसा गिरविला की घरी अंगणात दोरी बांधून खेळत तेव्हांही दोरीस वाकून घरात जात.

मग बाई मोठ्या जाहल्या, परंतु उंचीने नव्हे. त्या राज्यात खेळणारांस मोठमोठ्या व्यापारी पेढ्यांचे सरदार पदरी ठेवितात, पगार देतात आणि आपल्या निशाणाखाली खेळवितात. एका सरदारापुढे बाई उभ्या राहिल्या तेव्हां तो आपल्या माणसांकडे पाहून हसला आणि म्हणाला की जाळीपलीकडून हिचे डोकेच दिसत नाही, ही खेळणार काय. बाई म्हणाल्या, "मला तुम्ही दिसता, तेवढे पुरे." त्याने घेतले नाही. दुसऱ्याने घेतले, आणि वर्ष सरले नाही तोच बाईंनी पहिल्याच्या पदरची खेळणारी सरळ दोन डावांत लोळविली आणि त्याच्या खुर्चीपुढून जाताना टाचा उंचावून चालल्या. बाईंपाशी तडाखा नव्हता हे खरे. त्यांचे बळ ऐसे की फूल जमिनीस लागू द्यावयाचे नाही. समोरच्याने मारावे, बाईंनी परत करावे, कोपऱ्यात मारावे, परत करावे, जाळीलगत सोडावे, तेथेही बाई हजर. एक दांडगी खेळणारी हरून पाणी पीत असता बोलली की, भिंतीशी खेळणे बरे, भिंत निदान धावत तरी नाही. ते बाईंच्या कानी गेले आणि त्यांस फार आवडले, आणि पुढे आपल्या पिशवीवर त्यांनी काळ्या दोऱ्याने विटांची भिंत काढविली. ऐसे करता राज्याची गादी त्यांनी जिंकली, पुढच्या वर्षी राखली, आणि मग स्वारी समुद्रापार निघाली. पश्चिमेस गेल्या, दक्षिणेस गेल्या, जेथे गेल्या तेथे आधी लोक हसले आणि मग उभे राहून टाळ्या वाजविल्या.

मग स्वारी दख्खनेत आली. सेवक तेव्हां तेथे चाकरीस. सामन्यापूर्वी जाजमाची एक कड सुटली म्हणून सेवक मैदानाच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून ती चिकटवीत होता. बाई समोर रेघेशी आल्या आणि कमरेत वाकल्या. सेवकास त्यांची चाल ठाऊक नाही, वाटले की आपणासच केला. एवढी थोर खेळणारी वाकते आणि आपण बसून राहावे हे बरे नव्हे, म्हणून सेवक उठला आणि हात जोडून वाकला. बाई गोंधळल्या. त्यांच्या राज्यात कोणी वाकले तर उलट वाकणे भाग, म्हणून पुन्हा वाकल्या. मग सेवकही पुन्हा वाकला. हे चालत राहिले, प्रेक्षक हसू लागले, आणि शेवटी पंच खुर्चीवरून बोलिले की दोघांपैकी एकाने थांबावे, सामना सुरू करावयाचा आहे. बाईंच्या कानांपर्यंत लाली चढली, आणि त्या लाजेच्या रागात सामना त्यांनी हां हां म्हणता मारला. मग दुभाष्यास घेऊन सेवकापाशी आल्या आणि म्हणाल्या की, मी तुम्हांस नव्हे, मैदानास वाकत होते. सेवक म्हणाला, "मैदान मीच अंथरलेय." दुभाष्याने ते त्यांच्या बोलीत सांगितले, आणि बाई तोंडावर हात ठेवून हसल्या ते थांबेचनात. पुढे जे जाहले ते त्या हसण्यातून जाहले. लग्न दोन्ही मुलखांच्या रीतीने लागले आणि सेवक बेटांच्या राज्यात त्यांच्याच दरबाराच्या फरासखान्यात चाकरीस राहिला.

लग्नानंतर बाई आमच्या घरी नीरेकाठी राहिल्या. मातोश्रींस सुमिरे म्हणता येईना म्हणून त्यांनी सुमी केले. निघावयाचा दिवस आला, बाई बोली नवीन शिकल्या होत्या, त्यांनी पिशवी खांद्यास लाविली आणि मोठ्या हौसेने म्हणाल्या, "आई, जाते." मातोश्रींनी पिशवी धरली आणि त्यांस खाली बसविले. म्हणाल्या, "सुमे, जाते म्हणायचं नाही. येते म्हणायचं. जाते म्हणून निघतं ते माणूस परत येत नाही." मग तळहातावर दही घातले आणि म्हणाल्या, आता पहिल्यापासून नीघ. बाई दही चाटून उंबऱ्याच्या आत गेल्या, फिरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "येते." वाटेने सेवकास सांगू लागल्या की आमच्या मुलखीही घरून निघताना जाऊन येते ऐसेच म्हणतात, मग तुमची आई आमच्यातलीच निघाली. तेव्हांपासून मैदानातून निघताना मुजऱ्यासंगे बाई हळूच "येते" म्हणू लागल्या. छायाचित्रवाल्यांनी ओठ हललेले पाहिले आणि छापिले की बाई विजयाचा मंत्र म्हणतात. बाईंनी ते कापून मातोश्रींस धाडिले.

आता कान्याबाईंचे वर्तमान. ही दक्षिणेच्या राज्याची खेळणारी, वयाने लहान, उंच, आणि मनगट ऐसे की फूल कोठे जाईल हे तिच्या आईसही कळू नये. दोघी जगाच्या सर्वांत जुन्या मसनदीसाठी वायव्येच्या बेटावर समोरासमोर आल्या. दोघींनी एकेक डाव घेतला आणि तिसरा डाव बरोबरीत आला. त्या समयी कान्याने फूल लांब मारिले, ते बाहेर पडले, पंचांनी गुण बाईंस दिला आणि बाईंचे लोक उठून नाचू लागले. बाईंनी हात वर केला. सांगितले की जाताना फूल माझ्या रॅकेटीच्या कडेस लागले, गुण तिचा. पंचांनी ऐकले नव्हते, कान्याने पाहिले नव्हते, कोणी विचारिले नव्हते. गुण फिरला. आमच्या गोटात एक जाणते हळहळले की मसनद हातची घालविली. मग बाई पाणी प्यायल्या, त्यांनी घाम पुसला, आणि ऐशा धावल्या की जाजमे अंथरण्यात आमचा जन्म गेला तरी ते एवढे लांबरुंद असते हे आम्हांस त्या दिवशी कळले. शेवटचे फूल कान्याने जाळीत मारिले आणि मसनद बाईंची जाहली. जाळीखालून कान्याने त्यांचा हात धरला आणि विचारिले, "ताई, हात का वर केला?" बाई म्हणाल्या, "लागले होते म्हणून." एवढेच बोलणे. परंतु त्या दिवसापासून कान्या कोठेही भेटली तर आधी बाईंची पिशवी उचले आणि मग आपली.

मग पुढची वर्षे कधी हिने घ्यावे, कधी तिने, ऐसे चालले, आणि बाईंच्या राज्यात सरदार मुलींची उंची विचारीनासे जाहले. शेवटी शके एकोणीसशे पंचेचाळीस, त्याच राजधानीच्या क्रीडागृही अखेरची झुंज कान्याशीच आली. तिसऱ्या डावात बाई पुढे होत्या. मागच्या कोपऱ्यात फूल घेण्यास उडी टाकावी इतक्यात टाचेमागून फटका ऐकू आला, तो सेवकाने जाजमाच्या कडेस बसून ऐकिला. बाईंनी मागे वळून पाहिले, कारण त्यांस वाटले की कोणी मागून लाथ मारिली. मागे कोणी नव्हते. टाचेची शीर तुटली होती. कान्या जाळीखालून धावत आली आणि स्ट्रेचर येईतो त्यांचे मस्तक मांडीवर घेऊन बसली. उचलून नेणारे त्याच राज्याचे, चाल जाणणारे. रेघेशी येताच ते आपण होऊन थांबले आणि त्यांनी स्ट्रेचर फिरवून बाईंचे तोंड मैदानाकडे केले, की पडल्या पडल्या मान तरी लववावी. सारे क्रीडागृह वाट पाहत राहिले. बाईंनी मान हलवून नाही म्हटले आणि हाताने खूण केली की चला. ते साऱ्यांनी पाहिले. पुढचे सेवकाने एकट्याने ऐकिले, कारण बाई आमच्या बोलीत बोलिल्या. सेवक वाकला होता, त्याची बाही धरून म्हणाल्या, "आज मुजरा नाही. मुजरा केला की संपलं. बाकी ठेवते, म्हणजे यावंच लागेल."

वर्तमानपत्रवाले दवाखान्यापर्यंत आले आणि विचारिते जाहले की मुजरा का केला नाही. सेवक सांगू पाहत होता, बाईंनी सांगू दिले नाही. म्हणाल्या की टाच सांधली की उत्तर देईन, तोंडाने नव्हे. टाच सांधली. बाई आधी काठीने चालल्या, मग काठीवाचून, आणि पायऱ्या उतरताना पहिल्यांदा दुखले नाही त्या दिवशी शेजारणीस घरात बोलावून पुन्हा पुन्हा उतरून दाखविले. परंतु वैद्यांनी रक्त तपासिले तो त्यात दुसराच विकार निघाला, आणि त्यास शीर सांधण्यासारखा उपाय नव्हता. मग दवाखाना आला. बाईंनी तेथेही बूट पलंगाखाली ठेवविले आणि दिवसातून एकदा पायांत चढवून बांधीत. परिचारिका रागे भरल्या की पलंगावर बूट कसले, तर म्हणत की नवे आहेत, मुरले पाहिजेत. उत्तरेहून आई आल्या त्या फुलांची नळी भाताच्या वाफेवर धरून घेऊन आल्या. बाईंनी झाकण काढून वास घेतला आणि म्हणाल्या, भूक लागली. त्या दिवशी चार घास जेवल्या. शेवटी शेवटी बोलणे तुटक होऊ लागले. एके दुपारी डोळे उघडून सेवकास विचारिले, "जाजम गुंडाळलंत का हो?" सेवक म्हणाला, "नाही. अंथरलेलंच आहे." "मग ठीक," म्हणाल्या आणि झोपल्या. त्यानंतरचे वर्तमान आरंभी लिहिलेच आहे.

आता मुख्य मजकूर. वसंत आला आणि मुरोझोनोसाहेबांनी सर्वांस बोलाविले. उत्तरेहून ओनोदेरा मास्तर आले, वय जाहलेले, कानाने मंद. दक्षिणेहून कान्याबाई आपणहून आल्या. कारभाऱ्यांचे बोलणे वाईट नव्हते. ते म्हणाले की राज्यातील मुली बाईंकडे पाहून शिकतात, उद्या त्या म्हणतील की थोरलीने चाल मोडली तर आम्हीही मोडू, म्हणून मुजरा पुरा होणे बाईंच्याच लौकिकासाठी अगत्याचे आहे. कान्या म्हणाली, "ताईंनी माझ्यासाठी हात वर केला होता. त्यांचा मुजरा मी करते. दुसऱ्या कोणास करू देणार नाही." ऐसे बोलून ती रडू लागली, आणि कारभाऱ्यांनी सेवकाकडे पाहिले. तेव्हां सेवकाने रेघेपाशी बाई जे बोलिल्या ते प्रथमच साऱ्यांसमोर सांगितले. मास्तरांस ऐकू आले नव्हते, त्यांनी कानामागे हात धरून पुन्हा विचारिले, आणि सेवकाने मोठ्याने पुन्हा सांगितले. तो मास्तर हसले. त्यांस हसताना त्या राज्यात कोणी पाहिले नव्हते. म्हणाले की, शाळेत जेवताना ही पोर शेवटचा घास ताटात ठेवून खेळावयास पळे, आणि आई ताट उचलू लागली की दारातून ओरडे, ठेव, माझे व्हायचे आहे. मग डोळे पुसून म्हणाले, "तिचे ताट आपण कसे उचलावे?"

मुरोझोनोसाहेब म्हणाले की, तर लोक बोलत राहतील, त्यास उपाय काय. तेव्हां मी म्हणालो, "बोलू द्या, साहेब. मुजरा झाला म्हणजे ती गेली. तो तिचा आहे. दुसऱ्यानं करायचा नाही." कारभारी उठले आणि सेवकास वाकले, आणि सेवकही वाकला, आणि या खेपेस कोणी गोंधळले नाही.

दरबार ठरल्याप्रमाणे भरला. जाजम सेवकाने आपल्या हातांनी अंथरिले, कडा दाबून पाहिल्या. चहूकडून खेळणाऱ्या आल्या, त्यांत ठेंगण्या मुली पुष्कळ, आणि एकीच्या पिशवीवर काळ्या दोऱ्याची भिंत होती. बाईंची रॅकेट मधोमध ठेविली. मुरोझोनोसाहेबांनी बाईंनी जिंकलेल्या साऱ्या मसनदी उभ्याने वाचून दाखविल्या, आणि वाचता वाचता त्यांस खाली बसून पाणी मागावे लागले, इतक्या त्या होत्या. मग त्यांनी बाई रेघेशी जे बोलिल्या तेही सांगितले, आणि क्रीडागृह उठून उभे राहिले. कान्या आत गेली, येतानाचा आपला मुजरा केला, रॅकेट उचलली, बाहेर येऊन जातानाचा आपलाच मुजरा केला आणि रॅकेट सेवकाच्या हाती दिली. बाईंच्या वतीने कोणी वाकले नाही. लोक गेल्यावर सेवकाने जाजम गुंडाळून वखारीत ठेविले. पुढच्या झुंजीस ते पुन्हा अंथरले जाईल.

एकंदर ऐसे की, बाई बर्फाच्या मुलखातून आल्या, फूल जमिनीस लागू दिले नाही, लागले तेथे लागले म्हणाल्या, मोठ्या मसनदी घेतल्या, आणि चाल एकदाही मोडली नाही. घडले ते लिहिले, कमीजास्त काही नाही. रॅकेट घरी आहे, बूट आहेत, वाफ दिलेल्या फुलांची नळी आहे. बाईंचा निघतानाचा मुजरा व्हावयाचा राहिला आहे.